कुंपण आणि शेत

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, ही तक्रार आपल्या भाषेत फार जुनी आहे. फौजदाराने लाच खाल्ली, विश्वस्ताने देवस्थानाची जमीन गिळली, पालकाने पोरक्या पुतण्याचा वाटा बळकावला, की आपण ही म्हण उच्चारतो आणि ऐकणाऱ्यासही ती तत्काळ पटते. परंतु या म्हणीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, त्यांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. एक अशी की, कुंपण निराळे व शेत निराळे. दुसरी अशी की, आपण काय खात आहो हे कुंपणास कळते; म्हणूनच त्याला दोष देता येतो. गेल्या पाऊणशे वर्षांत, व विशेषतः गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, मनुष्यदेहाविषयी जे ज्ञान हाती आले आहे त्याने या दोन्ही गृहीतकांना धक्का दिला आहे. प्रस्तुत लेखक तर्कशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तथापि ज्या प्रश्नाची सुरुवात वैद्यकात होऊन शेवट नीतिशास्त्रात होतो, त्याचा विचार केवळ वैद्यांवर सोपवून चालणार नाही.

आपल्या मेंदूत विचार करणाऱ्या मज्जापेशींखेरीज दुसऱ्याही पुष्कळ पेशी आहेत. त्यांपैकी एका जातीस 1919 साली पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने मायक्रोग्लिया असे नाव दिले. या मेंदूतील पहारेकरी होत. त्यांचे कूळ मात्र मेंदूचे नव्हे. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्या पोषक पिशवीत काही पेशी जन्म घेतात, तेथून प्रवास करीत त्या मेंदूत शिरतात आणि मग आयुष्यभर तेथेच राहून आपली संख्या आपणच राखतात. ही गोष्ट 2010 साली निर्विवाद ठरली. म्हणजे ज्यांना आपण मेंदूचे राखणदार म्हणतो ते मुळात परगावचे, पण घर बांधून पूर्ण होण्यापूर्वीच वस्तीस आलेले. त्यांना उपरे म्हणावे की घरचे? या पेशी आपले बारीक फाटे सतत हलवीत आसमंत चाचपतात, मेलेल्या पेशी उचलतात, सांडलवंड पुसतात. आणि बालपणी तर मज्जापेशींमधील नको असलेले सांधे खुडून टाकतात. हे खुडणे झाले नाही तर मेंदूची घडण नीट होत नाही. तेव्हा कुंपण शेत खाते, एवढेच नव्हे तर त्याने थोडे खाल्ल्यावाचून शेत पिकत नाही, असे म्हणण्याची पाळी येते.

या पेशींच्या अंगावर ग्राही नावाचे रेणू असतात. हातांनी चाचपून आंधळा जसा वस्तू ओळखतो तशा या पेशी ग्राहींच्या योगाने समोर काय आहे ते ओळखतात. त्यांपैकी ट्रेम-दोन या ग्राहीची कथा मोठी उद्बोधक आहे. 1970 च्या सुमारास फिनलंडात हाकोला व जपानात नासू या वैद्यांनी, एकमेकांपासून दूर राहून, एकाच दुर्मिळ रोगाचे वर्णन केले. ऐन तिशीत हाडे ठिसूळ होऊन मोडू लागतात, पुढे काही वर्षांत स्वभाव पालटतो, विवेक व स्मृती यांचा ऱ्हास होतो आणि पन्नाशीच्या आसपास मृत्यू येतो. 2002 साली असे आढळले की, यांपैकी काही कुटुंबांत ट्रेम-दोनचे आनुवंशिक बीज आईकडून व बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेले आले होते. त्यानंतर दहा वर्षांनी, 2012 च्या अखेरीस, दोन स्वतंत्र शोधगटांनी असे प्रसिद्ध केले की, या बीजाच्या एकाच प्रतीत एक विशिष्ट लहानसा फेर असला तरी म्हातारपणी अल्झायमरचा रोग होण्याचा धोका दुपटी-तिपटीहून वाढतो. आता गंमत अशी की, येथे पहारेकऱ्याने अत्याचार केलेला नाही. तो हाताने आंधळा झाला आहे. मेंदूत साचणाऱ्या घातक गाठींभोवती त्याने कडे करावयाचे असते. त्या त्याला कळतच नाहीत. याच्या उलट, 2016 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, रोगाच्या आरंभी, गाठी बनण्याच्याही आधी, हेच पहारेकरी बालपणातले खुडण्याचे काम पुन्हा आरंभितात आणि धडधाकट सांधे खाऊन टाकतात. एकीकडे निष्क्रियता घातक, दुसरीकडे तत्परता घातक. ट्रेम-दोनला चेतविणारे एक औषध रोग्यांना देऊन पाहण्यात आले. 2024 च्या नोव्हेंबरात त्याचा निकाल लागला तो निराशेचा. पहारेकऱ्याला जागे करणे म्हणजे त्याला शहाणे करणे नव्हे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी.

फिनलंड-जपानच्या या कथेचा आमच्या चांद्याच्या मुलखाशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो वरोऱ्याजवळच्या एका माळरानावरून जातो. ज्या रोगात शरीराचे राखणदारच मज्जातंतूंचा नाश करतात असा एक रोग या दोन जिल्ह्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला आपण महारोग म्हणत आलो. हान्सेनने 1873 साली नॉर्वेत त्याचा जंतू शोधला, तेव्हापासून सारा दोष त्या जंतूच्या माथी बसला. परंतु हा जंतू स्वभावाने मोठा संथ आहे. एकाचे दोन व्हावयास त्याला दोन आठवड्यांच्या जवळपास अवधी लागतो, आणि प्रयोगशाळेच्या बशीत तर तो अद्यापि कोणास वाढविता आलेला नाही. मज्जातंतूंना वेष्टणाऱ्या श्वान पेशींत तो घर करतो. (श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव आहे, राखणीच्या या प्रकरणात ते मराठी कानाला भलतेच साजेसे लागते, पण तो निव्वळ योगायोग.) तेथे तो वर्षानुवर्षे स्वस्थ पडून असतो. हातापायांची संवेदना जाते, बोटे वाकडी होतात, चुलीतला निखारा हाताला लागलेला कळत नाही, हे जे होते त्याचा मोठा भाग जंतूच्या हातून होत नसून त्याला हुडकीत आलेल्या भक्षक पेशींच्या हातून होतो. 2017 साली झेब्रा माशाच्या पारदर्शक पिलांत हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्यात आले: जंतू गिळलेल्या भक्षक पेशी मज्जातंतूला बिलगतात आणि त्यांच्या विषारी उत्सर्गाने तंतूचे वेष्टण सुटू लागते. या भक्षक पेशी मेंदूतल्या मायक्रोग्लियांच्या चुलत घराण्यातल्या होत.

येथेही तोच दुहेरी पेच आहे. रिडले व जॉपलिंग यांनी 1966 साली महारोगाचे प्रकार लावले ते रोग्याच्या प्रतिकाराच्या मानाने. एका टोकास ज्याचे राखणदार कडक, त्याच्या अंगात जंतू शोधूनही सापडत नाहीत, पण मज्जातंतू लवकर जळतात. दुसऱ्या टोकास ज्याचे राखणदार उदासीन, त्याच्या अंगात जंतू कोट्यवधींनी माजतात. मधल्या रोग्यांची दशा सर्वांत चमत्कारिक. औषधाने जंतू मेले, क्वचित औषधाचा क्रम पुराही झाला, आणि मग एके दिवशी राखणदारांना एकाएकी जाग येऊन ते मेलेल्या शत्रूच्या अवशेषांवर तुटून पडतात. त्या दंगलीत चार-दोन दिवसांत हात लुळा पडतो. वैद्य यास प्रतिक्रिया म्हणतात व ती शमविण्यास जे औषध देतात ते जंतूविरुद्ध नसते, तर स्वतःच्या राखणदारांना आवरण्याचे असते.

या दोन रोगांचे साम्य केवळ उपमेपुरते नाही. व्हिएतनामातील 474 महारोग्यांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्यांना ही प्रतिक्रिया झाली होती, निम्म्यांना नव्हती. दोहोंतील फरक ज्या बीजांत सापडला त्यांत एलआरआरके-दोन व पार्किन ही दोन होती. आणि ही दोन्ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाची, बीजे म्हणून आधीच प्रसिद्ध होती. त्यातही एक फेर असा निघाला की, तो ज्याच्या अंगी आहे त्याला महारोगातील मज्जातंतूंच्या नाशापासून संरक्षण मिळते, आणि तोच फेर म्हातारपणी कंपवाताचा धोका वाढवितो. 2021 साली असेही आढळले की, मेंदूतला तो ट्रेम-दोन हा ग्राही क्षयाच्या कुळातील जंतूंच्या अंगचे मेणासारखे द्रव्य ओळखतो व ते ओळखून भक्षक पेशींचा आवेश थंड करतो. महारोगाचा जंतूही त्याच कुळातला.

नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. एकच गुण विशीत हात वाचवितो आणि सत्तरीत हात कापवितो. तो गुण म्हणावा की दोष? ज्या गावात महारोग आहे पण सत्तरीपर्यंत फारसे कोणी जगत नाही, तेथे तो वरदान. जेथे महारोग नाही व सारे ऐंशीपर्यंत जगतात, तेथे तो शाप. चांगले बीज निवडावे व वाईट खुडून टाकावे, अशी भाषा करणारे पंडित प्रत्येक पिढीत निपजतात. कोणत्या वयाकरिता चांगले व कोणत्या गावाकरिता चांगले, हे त्यांनी आधी सांगावे.

पण माझा मुख्य प्रश्न याहून निराळा आहे. महारोग्याला गावाबाहेर काढणाऱ्या समाजाविषयी काही आधुनिक मानसशास्त्रज्ञ असे म्हणतात की, किळस ही मनाची प्रतिकारशक्तीच आहे. देह जसा जंतू ओळखून त्यावर धावून जातो तसे मन रोगाची खूण पाहून दूर पळते. उत्क्रांतीने ती सोय केली आहे. हे म्हणणे खोटे आहे असे मला वाटत नाही. परंतु त्यापाठोपाठ, म्हणून बहिष्कार हा निसर्गच आहे, त्याला दोष कसला, असे जे अनुमान निघू पाहते ते साफ चुकीचे आहे. भक्षक पेशीला दोष देता येत नाही, कारण तिला दुसरे काही करता येत नव्हते. मनुष्याला येते. याचा दाखला दूर शोधावयास नको. वरोऱ्यात वकिली केलेल्या मुरलीधर देवीदास आमटे यांना पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा मरणासन्न महारोगी दिसला, तेव्हा ते भयाने घराकडे पळाले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आयुष्यभर सांगितली. पळणे ही प्रतिक्रिया होती. तिच्याबद्दल त्यांना कोणी अपराधी ठरविणार नाही. पण मग ते परतले, त्या मनुष्यावर पावसापासून आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. आणि परतणे ही प्रतिक्रिया नव्हती. कुंपणाला परतता येत नाही. सगळा नीतिविचार या पळण्याच्या व परतण्याच्या मधल्या अवकाशात राहतो.

त्यांच्या आधीही या वाटेने गेलेले लोक होते. मनोहर दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम उभे केले होते, आणि महात्मा गांधींनी सेवाग्रामात परचुरेशास्त्री या महारोगग्रस्त विद्वानाची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली होती. तथापि आनंदवनाचा विशेष मला सेवेहून निराळ्या ठिकाणी दिसतो, आणि तो समजण्यासाठी जुन्या कायद्याकडे वळावे लागते.

याज्ञवल्क्यस्मृतीत वारसाहक्कातून कोणास वगळावे याची एक यादी आहे. तीत उन्मत्त, जड, अंध आणि असाध्य रोगी हे एका ओळीत बसविले आहेत. स्मृतिकार निर्दय नव्हता; या सर्वांचे पोषण केलेच पाहिजे, असेही तो तेथेच सांगतो. फक्त त्यांना वाटा नाही. अन्न द्यावे, पण हिस्सा देऊ नये! आपल्या समाजाची सारी भूतदया या एका भेदात सामावलेली आहे असे मला पुष्कळदा वाटते. पुढे इंग्रजी अमदानीत 1898 चा महारोग्यांचा कायदा आला, त्याने निराधार महारोग्यास धरून कोंडण्याची सोय केली. 1928 च्या कायद्याने हिंदू वारसाहक्कातील रोगाची आडकाठी काढली, पण जन्मतः वेडा व जन्मतः जड यांना मात्र बाहेरच ठेवले. 1898 चा कायदा रद्द व्हावयास 2016 साल उजाडावे लागले, आणि महारोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये असे ठरण्यास 2019. जंतूवरचे रामबाण औषध, म्हणजे तीन औषधांचा एकत्र क्रम, 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच उपलब्ध झाला होता. रोग बरा होऊ लागल्यावरही कायद्याचा हात सुमारे पस्तीस वर्षे मेलेल्या शत्रूवर उगारलेलाच राहिला. यालाही प्रतिक्रियाच म्हणावे काय?

सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर 1951 साली आनंदवन सुरू झाले असे सांगतात. तेथे रोग्यांना अन्न मिळाले हे खरे, पण अन्न दत्तपुरातही मिळत होते व देवळाच्या पायरीवरही मिळे. आनंदवनात त्यांना वाटा मिळाला. विहिरी त्यांनी खणल्या, धान्य त्यांनी पिकविले, घरे त्यांनी बांधली. 1964 साली तेथे महाविद्यालय निघाले, तेव्हा वरोऱ्यातील निरोगी घरांतली मुले महारोग्यांनी उभारलेल्या भिंतींत शिकावयास गेली. स्मृतिकाराने ज्यांना पोषणावर ठेवले होते त्यांनी पोषण करणाऱ्यांच्याच मुलांना विद्येचा वाटा दिला. आमट्यांचा भिक्षेवर राग होता तो उगीच नव्हे.

आता स्मृतिभ्रंशाकडे वळू. महारोगाइतकी त्याची आपल्या मनात दहशत नाही. साठी बुद्धी नाठी म्हणून आपण हसून सोडून देतो. परंतु आयुर्मान वाढत चालले आहे आणि हे हसू फार दिवस टिकणार नाही. सुशिक्षित घरांत या रोग्यांविषयी एक वाक्य हल्ली वारंवार ऐकू येते: देह आहे, पण तो माणूस आता उरला नाही. हे वाक्य दुःखाने उच्चारले जाते, म्हणून त्याची परीक्षा करण्याचे धैर्य होत नाही. पण परीक्षा झाली पाहिजे. त्याच्या पाठीशी मोठमोठी तत्त्वज्ञाने उभी आहेत. मनुष्याची एकता त्याच्या जाणिवेत व स्मरणात आहे, असे लॉकने सतराव्या शतकात प्रतिपादिले. आपल्याकडे नैयायिकांनी आत्मा सिद्ध केला तोही याच वाटेने: जो मी पूर्वी पाहिले तोच मी आज स्पर्श करीत आहे, ही ओळख आत्म्यावाचून होणार नाही. मग ओळखच बुजली तर?

येथे आमचे जुने तर्कशास्त्र उपयोगी पडते. धूर दिसला तर विस्तव आहे असे म्हणता येते. धूर दिसेनासा झाला म्हणून विस्तव विझला असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो आणि धूर नसतो, हे उदाहरण न्यायाच्या पहिल्या वर्गात शिकवितात. स्मरण हे आत्म्याचे चिन्ह असेल. चिन्ह पुसल्याने चिन्हांकित वस्तू नष्ट झाली असे सिद्ध होत नाही. कोणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. महारोग्याचे मन शाबूत होते, म्हणून त्याला माणसांतून उठविणे हा अन्याय होता. येथे मनच झिजते आहे, दोन्ही गोष्टी सारख्या कशा? सारख्या नाहीत, हे मी मान्य करतो. परंतु महारोगाच्या इतिहासाने एक साक्ष दिली आहे, ती टाळता येणार नाही. ज्यांचे मन पूर्ण शाबूत होते, जे बोलत होते, रडत होते, मुलांची नावे घेत होते, त्यांनाही आम्ही मेले म्हणून सोडून दिले. काही ठिकाणी तर त्यांचे क्रियाकर्मही उरकले. तेव्हा कोण उरला व कोण नाही, या प्रश्नावर निकाल देणारा हा न्यायाधीश पूर्वी एकदा उघड खोटा ठरलेला आहे. आता तो पुन्हा त्याच खुर्चीत बसून, अधिक संदिग्ध प्रकरणात, तोच निकाल त्याच घाईने देत आहे. त्याचा शब्द मी का मानावा?

शिवाय आपली सोय कोठे आहे तेही पाहिले पाहिजे. तो माणूस उरला नाही असे ठरले की वाटा संपतो आणि पोषण तेवढे उरते. ते आपण पगारी बाईकडून करवून घेऊ शकतो.

धानोऱ्याकडच्या एका खेड्यात काही वर्षांपूर्वी मी एक वृद्धा पाहिली. मुलाला ती भाऊ समजे, आणि नवरा मरून वीस वर्षे झाली होती तरी त्याच्या जेवणाची वेळ झाली असे सारखे सांगे. मात्र पानांची चळत व काड्या पुढे ठेवल्या की पत्रावळ बिनचूक शिवी. घरात तिच्या पत्रावळी वापरीत. त्यात काही औदार्य आहे असे त्या घरातल्या कोणास वाटत नव्हते. पत्रावळी लागतात आणि आजी शिवते, एवढाच व्यवहार. वनवासी जीवनाची भाबडी आरती ओवाळण्याचा माझा उद्देश नाही. त्याच टापूतील तरुण माणसे मिरची तोडण्यास तेलंगणात जातात, तेव्हा कित्येक घरी म्हातारे महिनोन्‌महिने एकटे मागे राहतात, आणि विसरभोळा म्हातारा एकटा राहणे म्हणजे काय ते सांगावयास नको. पण त्या घरात एका विसरलेल्या बाईला वाटा होता. चंद्रपूर-नागपूरच्या माझ्या परिचयाच्या बंगल्यांत अशा माणसाला स्वच्छ बिछाना असतो, वेळेवर औषध असते, आणि हाताला काही नसते.

स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडचे आधी जाते व जुने उशिरापर्यंत टिकते. आनंदवनात आरंभीच्या दशकांत तरुणपणी आलेली जी माणसे आज हयात असतील ती आता ऐंशीच्या घरात वा पुढे असतील. त्यांपैकी एखाद्याला हा दुसरा रोग जडला, तर तो काय विसरेल याची कल्पना करून पाहावी. ज्या माळावर त्याने विहीर खणली, दुसऱ्यांदा संसार मांडला आणि पन्नास वर्षे मानाने काढली, तो माळ त्याच्या मनातून आधी जाईल. त्याच्याही पूर्वीचे गाव, अंगणातले चिंचेचे झाड, आईची हाक, आणि ज्या दारातून त्याला बाहेर काढले ते दार, एवढेच शेवटी उरेल. मग तो संध्याकाळी उठून काठी मागेल आणि मला घरी पोचवा म्हणेल. शेजारी बसलेल्या माणसाने त्याला काय उत्तर द्यावे? तुझे घर हेच, असे म्हणावे, तर ते खरे आहे पण त्याला ते पटणार नाही. त्या घराने तुला टाकले, असे म्हणावे, तर तेही खरे आहे, आणि विसरलेली जखम पुन्हा पहिल्या दिवसाइतकी ताजी होईल. उद्या नेऊ म्हणावे, तर ते खोटे; आणि उद्या तो पुन्हा काठी मागेल.